गावच्या पवनचक्कीचं, सोलरचं घोडं परवानग्यांत कुठे अडतं आणि ते आधीच कसं ओळखायचं

गावाने ठरवलं आपली वीज आपण बनवायची, जागा आहे, वारा आहे, ऊन आहे, कर्ज द्यायला बँकही तयार आहे, आणि तरी वर्षानुवर्षं एक खांब उभा राहत नाही. हे जगात कुठेही बघायला मिळतं. मग कोणी म्हणतं सरकारी खातं नालायक, कोणी म्हणतं गावातले चार विरोधक नालायक. थोडंफार खरं असतंही. पण अशा फसलेल्या प्रोजेक्टच्या फाईली चाळल्या की बहुतेक वेळा क्रम चुकलेला दिसतो. ज्या नकारावर काही इलाजच नव्हता तो सगळ्यात शेवटी समोर आला, तोवर सल्लागाराची फी, नकाशे, रंगीत ब्रोशर, भूमिपूजनाच्या गप्पा सगळं उरकलेलं. म्हणून इथे सगळा भर एकाच गोष्टीवर आहे, सगळ्यात कडक नकार कुठून येऊ शकतो ते आधी शोधायचं, खिशातून फारसं काही गेलेलं नसताना.

डोळ्यासमोर छोटे प्रोजेक्ट ठेवलेत, म्हणजे एक ते पाच पवनचक्क्या, काही मेगावॉट सोलर, एखादा बायोगॅस प्लांट, तेही गावाने किंवा सहकारी संस्थेने करायचे. मोठ्या कंपनीकडे वकिलांची फौज असते, तिला हे सांगायची गरज नाही.

पहिला फोन ग्रिडवाल्यांना

जमीन बघायच्या आधी. हो, आधीच. कारण जमीन बदलता येते, पवनचक्कीचं मॉडेल बदलता येतं, पण जवळच्या सबस्टेशनवर जागाच नसेल तर तुम्ही काहीही करू शकत नाही, किंवा करू शकता पण त्याचा खर्च अख्ख्या प्रोजेक्टपेक्षा जास्त येतो.

ग्रामीण भागातल्या लाइन्स लांबलचक आणि बारीक तारेच्या असतात, शेवटच्या घरापर्यंत वीज पोचवायला बांधलेल्या, तिकडून उलटी वीज आत घ्यायला नव्हे. दुपारी ऊन कडक, गावात वापर कमी, अशा वेळी लाइनच्या टोकाला सोलर प्लांट जोडलेला असेल तर तिथलं व्होल्टेज वर चढतं आणि इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज लाइनला जोडणारी यंत्रं, ट्रिप होऊन बंद पडायला लागतात. ही पहिली मर्यादा. दुसरी सबस्टेशनच्या ट्रान्सफॉर्मरची, तो किती भार उलटा घेऊ शकतो. तिसरी त्याच्याही वरच्या मोठ्या लाइन्सची, आणि ही तिसरी सगळ्यात वाईट, कारण ती तुमच्या हातातही नसते आणि स्थानिक इंजिनियरच्याही नसते.

तर विचारायचं काय? नुसतं "कनेक्शन मिळेल का" विचारलं की "अर्ज करा" एवढंच उत्तर येतं. नेमकं विचारा: या सबस्टेशनवर आज किती मेगावॉट घेऊ शकता, त्यापुढे घ्यायचं तर काय बदलावं लागेल, तो खर्च कोणाच्या माथी, आणि रांगेत आमच्यापुढे किती जण आहेत. उत्तर लेखी घ्या.

रांग हा चेष्टेचा विषय नाही. अमेरिकेत लॉरेन्स बर्कली लॅब ही संशोधन संस्था दरवर्षी या रांगेचा हिशोब काढते, २०२३ च्या शेवटी तिथे साधारण २,६०० गिगावॉटचे प्रोजेक्ट ग्रिडला जोडून घ्यायची वाट बघत होते, म्हणजे देशात चालू असलेल्या सगळ्या वीजकेंद्रांच्या जवळपास दुप्पट. आणि २००० ते २०१८ मध्ये अर्ज केलेल्या क्षमतेपैकी २०२३ पर्यंत प्रत्यक्षात उभं राहिलं ते फक्त १४ टक्क्यांच्या आसपास. ब्रिटनने तर शेवटी "जो आधी आला तो आधी" हा नियमच सोडला, आता ज्याची तयारी पूर्ण त्याला आधी घेतात. याचा अर्थ जमिनीचा करार आणि बाकी कागद हाताशी असलेला छोटा प्रोजेक्ट मोठ्यांच्या पुढे जाऊ शकतो, निदान तशी शक्यता तरी आहे.

अजून एक विचारून ठेवा, लवचिक कनेक्शन देता का. म्हणजे लाइनवर ताण असेल तेव्हा ग्रिडवाले तुमचं उत्पादन कमी करणार किंवा बंद करणार, त्या बदल्यात नवीन ट्रान्सफॉर्मर येईपर्यंत थांबायला लागत नाही. वर्षातले थोडे तास वीज वाया जाते, पण कित्येकदा हा सौदा परवडतो. फक्त "थोडे तास" म्हणजे किती ते कागदावर आणा, नाहीतर बँक उभी करणार नाही.

जर्मनीतल्या ब्रॅन्डेनबर्गमधलं फेल्डहाइम हे जेमतेम १३० वस्तीचं गाव या बाबतीत नेहमी सांगितलं जातं. शेजारी १९९५ पासून पवनचक्क्या, पण गावातल्या तारा वीज कंपनीच्या आणि ती त्या द्यायला तयार नाही, मग गावाने २०१० मध्ये स्वतःची वेगळी लाइन टाकून घेतली, वीजेची आणि घरं गरम ठेवायच्या पाण्याचीही. ऐकायला भारी वाटतं, आणि आहेच भारी. पण पवनचक्क्यांचा पार्क गावाच्या उंबरठ्यावर आधीपासून होता हे विसरून कोणी "आपण पण करू" म्हणत असेल तर जरा थांबवा त्याला.

मग कंपास घ्या आणि नकाशावर वर्तुळं काढा

पवनचक्की असेल तर घरांपासूनचं अंतर हा बहुतेक ठिकाणी सगळ्यात निर्दयी नियम असतो. मी म्हणेन हे घरी बसून एका संध्याकाळी करता येतं आणि यासाठी कोणाला एक पैसा द्यायची गरज नाही.

उदाहरणच घेऊ. जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याने २०१४ मध्ये नियम केला की पवनचक्की जेवढी उंच त्याच्या दहापट अंतर घरांपासून हवं. उंची म्हणजे पात्याचं टोक सरळ वर असताना जमिनीपासून टोकापर्यंतची, खांबाची नुसती नव्हे, इथे भले भले चुकतात. आता २०० मीटरची पवनचक्की धरा, ही आजकाल मध्यमच म्हणायची. दहापट म्हणजे २ किलोमीटर. एका वस्तीभोवती २ किलोमीटरचं वर्तुळ म्हणजे साडेबारा चौरस किलोमीटर बाद. आता तुमच्या भागातल्या वाड्या, वस्त्या यांच्याभोवती अशी वर्तुळं काढत जा आणि बघा शिल्लक काय राहतं. बव्हेरियात नवीन अर्ज जवळपास थांबलेच, शेवटी २०२२ मध्ये नियम सैल करावा लागला. पोलंडने २०१६ मध्ये हाच दहापटीचा नियम आणला आणि २०२३ मध्ये तो ७०० मीटरवर आणला. डेन्मार्कमध्ये उंचीच्या चौपट अंतर धरतात, म्हणजे त्याच पवनचक्कीला ८०० मीटर, वर्तुळ २ चौरस किलोमीटरचं. चक्की तीच, घर तेच, आणि बाद होणाऱ्या जमिनीत सहापटीचा फरक.

म्हणून आपल्याकडचा नियम शब्द न् शब्द वाचा. अंतर मोजायचं कुठून, घराच्या भिंतीपासून की आवाराच्या हद्दीपासून? शेतातलं एकटं घर धरतात की फक्त वस्ती? जमीनमालकाचं स्वतःचं घर धरतात का? या तीन प्रश्नांवर कधीकधी अख्खी जागा वाचते. उंची कमी करून वर्तुळ लहान करायचा मोह होतो, पण पाती आखूड झाली की ती जेवढं वर्तुळ झाडतात ते लांबीच्या वर्गाने घटतं, आणि वरचा वाराही हातचा जातो, तेव्हा हिशोब करून मगच.

आवाज आणि सावली यांच्यावर भांडणं जास्त होतात, पण गंमत म्हणजे त्यांच्यावर उपाय आहे. जर्मनीत मिश्र वस्तीच्या भागात रात्री ४५ डेसिबल आणि निवासी भागात ४० अशी मर्यादा आहे, रात्री चक्की हळू चालवून ती पाळता येते. फिरत्या पात्यांची सावली खिडकीवर लपलप करते तिला तिथे वर्षाला ३० तास आणि दिवसाला ३० मिनिटं अशी मर्यादा धरतात, आणि सूर्य कधी कुठे असणार हे आधीच माहीत असल्याने तेवढ्या मिनिटांपुरती चक्की आपोआप बंद ठेवता येते. अंतराला असा काही जुगाड नाही. म्हणून वर्तुळं आधी, आवाजाचा रिपोर्ट नंतर.

त्याच नकाशावर विमानतळ, लष्करी रडार, राखीव जंगल, पक्ष्यांच्या जागा, जुनी मंदिरं-किल्ले-चर्च जे काही असेल ते टाका. रडारचं विशेष सांगतो, पूर्व फिनलंडमध्ये वारा आहे, जमीन आहे, पण लष्कराच्या रडारमुळे पवनचक्क्या जवळपास येऊच शकल्या नाहीत. संरक्षण खातं नाही म्हणालं की सहसा त्यावर वाद घालायची सोय नसते, तेव्हा त्यांना पत्र पहिल्या आठवड्यात पाठवायचं.

आणि तुमची केबल किंवा लाइन कुठून जाणार ती रेघही ओढा, ती सगळे विसरतात. राजस्थान-गुजरातमध्ये माळढोकाच्या भागात हेच झालं, हा पक्षी जड, समोरचं त्याला नीट दिसत नाही, तारांना धडकून मरतो, म्हणून सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये तिथल्या तारा जमिनीखाली घ्यायचा आदेश दिला, आणि सोलरवाल्यांची सगळी गणितं कोलमडली. २०२४ मध्ये कोर्टाने तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. पॅनलच्या जागेवर आक्षेप नव्हता हे लक्षात घ्या, तारांवर होता.

पक्ष्यांचं कॅलेंडर आपल्यासाठी थांबत नाही

पक्ष्यांचा सर्व्हे विणीच्या हंगामात करावा लागतो. तो हंगाम हुकला की सरळ एक वर्ष गेलं, कितीही ओळखी असू द्या. स्कॉटलंडमध्ये तर पवनचक्कीसाठी साधारण दोन वर्षांच्या नोंदी मागतात. त्यामुळे चक्क्या नक्की कुठे बसणार हे ठरायच्या आधीच सर्व्हे चालू करा, जरा मोठा परिसर धरून, म्हणजे नंतर जागा थोडी सरकली तरी नोंदी कामाला येतात. वटवाघळांचं त्या मानाने सोपं, ती मंद वाऱ्याच्या उबदार रात्री जास्त उडतात, त्या वेळी चक्की बंद ठेवली तर मरायचं प्रमाण बरंच खाली येतं आणि मंद वाऱ्यात वीज तशीही फार बनत नाही. अर्जातच हे स्वतःहून लिहून द्या. कॅलिफोर्नियातल्या आल्टामाँट पासमध्ये जुन्या काळी दाटीवाटीने चक्क्या उभ्या केल्या आणि सोनेरी गरुड मेले, ते उदाहरण आजही प्रत्येक सुनावणीत कोणीतरी काढतंच, तेव्हा उत्तर तयार हवं.

बायोगॅसला पक्ष्यांचा प्रश्न नाही, तिथे वास आणि ट्रक. दिवसाला किती ट्रक, कुठल्या रस्त्याने, शाळेच्या वेळेत की नाही, एवढं नीट लिहिलं तर निम्मा विरोध गळतो. छोट्या जलविद्युतमध्ये मासे वर कसे जाणार आणि उन्हाळ्यात ओढ्यात किमान किती पाणी सोडणार हे दोन प्रश्न.

जमीन कोणाची, आणि वापरतं कोण

शेतजमिनीवर सोलर हा सगळीकडे नाजूक विषय झालाय. इटलीने २०२४ मध्ये शेतजमिनीवर जमिनीलगत नवीन पॅनल लावायलाच मोठ्या प्रमाणात बंदी घातली, पॅनल उंचावर आणि खाली शेती चालू असेल तर मात्र सूट. जपानने २०१३ पासून अशा दुहेरी वापराला परवानगी दिलीय, पण अट अशी की खालचं पीक त्या भागातल्या सरासरीच्या ८० टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. तुमच्याकडे असा नियम नसला तरी अर्जात दुहेरी वापराचा एक पर्याय मांडून ठेवा, कुठलं पीक, ओळींमध्ये किती अंतर, ट्रॅक्टर वळणार कसा. ट्रॅक्टर वळणार कसा हे नकाशावर दाखवलं की समोरच्या शेतकऱ्याला कळतं की यांनी खरंच विचार केलाय.

कागदावर मालक एक आणि जमीन वापरणारा दुसरा, हे ग्रामीण भागात कायम असतं. गुरं चरायला नेणारे, लाकूडफाटा गोळा करणारे, हंगामी येणारे. नॉर्वेत फोसेनला १५१ पवनचक्क्या उभ्या राहून फिरायला लागल्या होत्या, आणि २०२१ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दिलेल्या परवानग्यांमुळे रेनडियर पाळणाऱ्या सामी लोकांच्या हक्कांवर गदा आलीय. परवानगी हातात, चक्क्या उभ्या, आणि परवानगीच अवैध! सात-बारा म्हणा की आणखी काही म्हणा, त्यात नाव नसलेली माणसं पण भेटून या.

मालकांशी लगेच पक्का भाडेकरार करू नका. आधी राखून ठेवायचा करार, म्हणजे एवढ्या वर्षांत परवानगी आली तर अमुक भाड्याने जमीन देऊ, नाही आली तर दोघं मोकळे. आणि सगळ्या वारसांच्या सह्या, बाहेरगावी असलेल्या बहिणींच्या पण.

आराखडा बदलतो तेव्हा तिथे हजर राहा

हा सगळ्यात कंटाळवाणा भाग आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. जिल्ह्याचा किंवा तालुक्याचा विकास आराखडा काही वर्षांनी एकदा नव्याने होतो, त्याच्या बैठकीला कोणी फिरकत नाही, आणि पुढे आपला अर्ज त्याच आराखड्यातल्या एका ओळीवर आपटतो.

इंग्लंडचं बघा. २०१५ मध्ये सरकारने ठरवलं की जमिनीवरची पवनचक्की तेव्हाच मंजूर करायची जेव्हा स्थानिक आराखड्यात ती जागा पवनऊर्जेसाठी दाखवलेली असेल आणि लोकांच्या हरकतींचं समाधान झालेलं असेल. ऐकायला किती लोकशाही! पण बहुतेक आराखड्यांत अशी जागा दाखवलेलीच नव्हती, त्यामुळे बंदी हा शब्द न वापरता बंदी आली, आणि ती उठली जुलै २०२४ मध्ये. जर्मनीने उलटं केलं, राज्यांवरच बंधन घातलं की २०३२ च्या अखेरपर्यंत देशाची २ टक्के जमीन पवनऊर्जेसाठी राखून दाखवा. युरोपियन युनियनच्या २०२३ च्या नियमांत तर खास क्षेत्रं आखायला सांगितलंय जिथे जमिनीवरच्या प्रोजेक्टची परवानगी १२ महिन्यांत द्यायची. म्हणजे जागा त्या रेघेच्या आत असेल तर एक आयुष्य, बाहेर असेल तर दुसरं. तुमच्याकडे अशी क्षेत्रं आखायचं काम चालू असेल तर आपला वर्तुळांचा नकाशा घेऊन आत्ताच जा, अधिकाऱ्याला आयता अभ्यास मिळतो, तो खुशच होतो.

अधिकाऱ्यावरून आठवलं. छोट्या ग्रामीण कार्यालयातला प्लॅनिंग अधिकारी रोज घरांचे वाढीव मजले आणि गोठे मंजूर करत असतो, पवनचक्कीचा अर्ज त्याच्या नोकरीतला पहिलाच असू शकतो. त्याला भीती वाटते की उद्या कोर्टात आपल्यालाच उभं करतील, आणि घाबरलेला माणूस आणखी एक रिपोर्ट मागतो. त्याच्यावर चिडून काही होत नाही. अर्जाआधी भेट मागा, शेजारच्या जिल्ह्यात मंजूर झालेल्या सारख्या प्रोजेक्टचा निर्णय सोबत न्या, भेटीत जे बोलणं झालं ते त्याच संध्याकाळी ईमेलने पाठवा, "आपलं असं ठरलं, चुकलं असेल तर सांगा." ही ईमेल पुढे सोन्याच्या मोलाची ठरते.

गावसभा, आणि पैशाचा विषय

लोकांना नकाशा पूर्ण झाल्यावर बोलावलं तर ते फक्त दोनच गोष्टी करू शकतात, हो म्हणणं किंवा नाही म्हणणं, आणि चिडलेला माणूस नाहीच म्हणतो. तीन पर्यायी जागा कच्च्या असताना बोलावलं तर भांडण "हवी की नको" वरून "इथे की तिथे" वर येतं. डेन्मार्कच्या साम्सो बेटाने १९९७ मध्ये सरकारची स्पर्धा जिंकली, दहा वर्षांत सगळं अक्षय ऊर्जेवर न्यायचं, वस्ती चारेक हजार, मुख्य धंदा शेती. जमिनीवर ११ चक्क्या उभ्या राहिल्या, बहुतेक तिथल्याच शेतकऱ्यांच्या मालकीच्या, आणि दोन चक्क्या लोकांनी शेअर घेऊन सहकारी तत्त्वावर घेतलेल्या. ज्याचा शेअर आहे त्याला फिरती चक्की बघून बरं वाटतं, साधी गोष्ट आहे.

सभेत फोटोवर चक्की चिकटवून दाखवायची असेल तर सुंदर सूर्यास्तवाला फोटो नको. सगळ्यात जास्त विरोध करणाऱ्याच्या ओट्यावरून काढा, डोळ्याच्या उंचीवरून, झूम न करता, आणि त्यालाच आधी दाखवा. त्याला ते आवडणार नाहीच, पण "फसवलं" असं तो म्हणू शकत नाही.

पैसे वाटण्याचे नमुने जगात बरेच आहेत. डेन्मार्कमध्ये २००९ पासून काही वर्षं कायदा होता की नवीन पवनचक्कीचे किमान २० टक्के शेअर साडेचार किलोमीटरच्या आतल्या रहिवाशांना देऊ करायचेच. जर्मनीत अडीच किलोमीटरच्या आतल्या गावांना युनिटमागे ०.२ सेंट देता येतात. पण इथे एक मोठा खड्डा आहे. इंग्लंडमधल्या फॉरेस्ट ऑफ डीन भागात लोकांनी मिळून काढलेल्या अशाच एका पवनचक्कीला परवानगी मिळाली, तिच्या उत्पन्नातला वाटा गावासाठी देणार असं अर्जात होतं आणि कौन्सिलने ते मोजूनच मंजुरी दिली. खालच्या कोर्टाने ती परवानगी रद्द केली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०१९ मध्ये तिथेही ती रद्दच राहिली, कारण असा निधी हा जमिनीच्या वापराशी संबंधित मुद्दा धरता येत नाही, नाहीतर परवानगी विकत घेतल्यासारखं होईल. हेतू चांगला होता तरी. म्हणून आपल्याकडचा कायदा वकिलाला विचारून घ्या आणि शंका असेल तर पैशाचा कागद वेगळा, परवानगीचा अर्ज वेगळा, दोन्ही एका फाईलीत नकोत.

परवानगी आली, आता तारखा बघा

पेढे वाटायच्या आधी अटींचं पान वाचा. चक्की काढून टाकायच्या खर्चाची हमी आधी भरायची असते, ती कितीची आहे. ६०-७० मीटरचं पातं गावात येणार कुठल्या वळणावरून, कोणाच्या शेताचा कोपरा तात्पुरता लागणार, वाटेतला पूल तेवढा भार घेईल का, या परवानग्या वेगळ्या असतात आणि वेगळ्या खात्याच्या असतात. कोर्टात आव्हान द्यायची मुदत संपेपर्यंत मोठी ऑर्डर देऊ नका.

आणि सगळ्यात आधी दोन तारखा शेजारी शेजारी लिहा, काम सुरू करायची परवानगीची मुदत कधी संपते आणि ग्रिड कनेक्शन कधी मिळणार. मुदत तीन वर्षांची आणि कनेक्शन सहा वर्षांनी असं सर्रास होतं. मुदतवाढीचा अर्ज कधी करता येतो, की मुदतीत नुसता पाया घातला तरी "काम सुरू झालं" धरतात, हे परवानगी हातात आल्या आल्या लेखी विचारून घ्या.